एलईडी दिव्यांचा सुरुवातीचा झटका: एमसीबी का पडतो आणि त्यावर काय करावे

कोथरूडच्या आमच्या घरात दिवाणखान्याचे छत पीओपीने खाली घेतले, तेव्हा त्यात १२ वॉटचे १२ पॅनेल दिवे बसवले. दोन महिने सारे सुरळीत चालले. मग एका गुरुवारी देखभालीसाठी गेलेली वीज संध्याकाळी परत आली आणि दिवे लागण्याऐवजी डीबीतून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतून, ‘टक्’ असा आवाज झाला. दिव्यांचा ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की आपोआप सर्किट तोडणारा स्विच, पडला होता. वर केल्यावर दिवे नीट लागले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घडले, म्हणून वायरमनला बोलावले. त्याने डीबीकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “काका, सहाचा काढून वीसचा टाकून देतो, परत पडायचा नाही.” त्याचे म्हणणे अगदी खरे होते, आणि नेमके म्हणूनच त्याला थांबवावे लागले. त्या सर्किटची तार दीड चौरस मिलिमीटरची आहे. एमसीबी त्या तारेच्या रक्षणासाठी असतो. तो २० अँपिअरचा केला तर दिवे जातील-येतील, पण उद्या तारेवर खरोखर जादा भार आला तर आधी तार तापेल आणि एमसीबी बघत राहील.

मुळात हा एमसीबी पडतो का, हेच आधी समजून घ्यायला हवे. बारा दिव्यांचे मिळून १४४ वॉट होतात, म्हणजे २३० व्होल्टला पाऊण अँपिअरसुद्धा नाही. स्वस्त ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या प्रवाहापैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.५ धरला तरी प्रवाह सव्वा अँपिअरच्या वर जात नाही. दिव्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट, हा वायरमन मंडळींचा जुना हिशेब. बल्ब आणि ट्यूबच्या काळात तो पुरेसा होता. एलईडीच्या बाबतीत मात्र वॉट मोजून भागत नाही. एकाच क्षणी किती ड्रायव्हर चालू होतात, ते मोजावे लागते.

झटका येतो कुठून

प्रत्येक एलईडी दिव्यात किंवा त्याच्या शेजारी एक ड्रायव्हर असतो. येणारा एसी पुरवठा तो आधी डीसी करतो आणि एका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये साठवतो. दिवा बंद असताना हा कपॅसिटर रिकामा असतो आणि रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखा वागतो. तो भरेपर्यंत प्रवाहाला अडवतात ते फक्त तारेचा रोध आणि ड्रायव्हरच्या तोंडाशी बसवलेला छोटा रोधक. या क्षणिक प्रवाहाला इनरश म्हणतात. जुन्या बल्बलाही तो होता. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या दहा ते पंधरा पट प्रवाह घेई, पण ६० वॉटच्या बल्बचा मूळ प्रवाहच पाव अँपिअर असल्याने त्याची कुणाला दखल घ्यावी लागली नाही.

आपण २३० व्होल्ट म्हणतो, तो सरासरी काढण्याच्या विशिष्ट पद्धतीने आलेला आकडा आहे. लाटेचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात दर १० मिलिसेकंदांनी व्होल्टेज शून्यावर येते आणि त्यानंतर ५ मिलिसेकंदांनी शिखरावर पोहोचते. बटण शून्याजवळ दाबले गेले तर कपॅसिटर हळूहळू भरतो, शिखराशी दाबले गेले तर पूर्ण झटका बसतो. हा क्षण निवडणे माणसाच्या बोटाच्या हातात नाही. त्यामुळे एमसीबी चार वेळा तग धरतो आणि पाचव्या वेळी पडतो, आणि घरातले म्हणतात की “कालपर्यंत तर नीट चालत होते”.

माझ्या बारा दिव्यांचा ढोबळ हिशेब असा मांडता येतो. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० ओहमचा रोधक धरला, तर एकट्या दिव्याचा झटका ३२५ भागिले १०, म्हणजे सुमारे ३२ अँपिअर. बारा दिव्यांचे ३९० अँपिअर व्हायला हवेत, पण तसे होत नाही, कारण डीबीपासून छतापर्यंतची तार आणि इमारतीची मुख्य केबल मिळून साधारण १ ओहम रोध मध्ये येतो. बारा रोधक समांतर आल्याने त्यांचा एकत्रित रोध ०.८३ ओहम, त्यात तारेचा १ ओहम मिळवला की १.८३ ओहम, आणि झटका सुमारे १७७ अँपिअर. तो जेमतेम पाव मिलिसेकंद टिकतो. तारेतील इंडक्टन्स, म्हणजे प्रवाह एकदम वाढू न देण्याचा गुण, यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा काहीसा कमी असतो. तरीही सव्वा अँपिअर चालू प्रवाह आणि पावणेदोनशे अँपिअर झटका, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आधी काय पडले ते पाहावे

डीबी उघडून पहिल्यांदा हे पाहावे की पडला तो एमसीबी आहे की आरसीसीबी. दोन्हींची दांडी सारखी दिसते, पण आरसीसीबीवर चाचणीचे एक छोटे बटण असते आणि ३० मिलिअँपिअर असा आकडा छापलेला असतो. एमसीबी जादा प्रवाहाने पडतो. आरसीसीबी पडतो तो फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत न आल्यामुळे, म्हणजे काही भाग अर्थिंगकडे गळल्यामुळे. ड्रायव्हरमधील फिल्टरच्या छोट्या कपॅसिटरांतून अर्थकडे किंचित प्रवाह जातोच, आणि वीस-पंचवीस ड्रायव्हर एकदम चालू झाले की त्या क्षणी हा प्रवाह आरसीसीबीला पुरेसा होऊ शकतो. मात्र पावसाळ्यात बाल्कनीतल्या किंवा गच्चीवरच्या दिव्यात पाणी शिरले तरी आरसीसीबीच पडतो. ती खरी गळती असते आणि तिला झटका समजून सोडून देणे धोक्याचे आहे. दिवे बराच वेळ लागलेले असताना आरसीसीबी पडला, तर दोष झटक्याचा नाही, हे निश्चित समजावे.

एक गैरसमज दुकानातच पसरतो. ‘सर्ज’ हा शब्द उच्चारला की विक्रेता स्पाइक गार्ड किंवा सर्ज प्रोटेक्टर पुढे करतो. वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेमुळे पुरवठ्याच्या तारेवर येणारे जादा व्होल्टेज ही उपकरणे अडवतात. इनरश हा घरातल्याच दिव्यांनी ओढलेला प्रवाह आहे आणि त्या वेळी व्होल्टेज वाढलेले नसते. त्यामुळे सर्ज प्रोटेक्टर इतर कारणांसाठी जरूर बसवावा, पण एमसीबी पडण्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

झटका मोजायचा म्हटले तर साधा क्लॅम्प मीटर निरुपयोगी ठरतो. काही मीटरवर इनरशचे वेगळे बटण असते, पण ती सोय बहुधा मोटरसाठी केलेली असते आणि तीत सुमारे १०० मिलिसेकंदांचा प्रवाह एकत्र करून दाखवला जातो. पाव मिलिसेकंदाचा झटका त्यात हरवून जातो. ऑसिलोस्कोप घरी नसतो. म्हणून अर्धे-अर्धे करून पाहण्याची जुनी युक्ती वापरावी. निम्मे दिवे बटणांनी बंद ठेवून उरलेले एमसीबीवरून वीस वेळा चालू करावेत, दर वेळी मध्ये किमान एक मिनिट थांबावे आणि एमसीबी किती वेळा पडला ते लिहून ठेवावे. एक-दोनदा करून निष्कर्ष काढू नये, कारण लाटेचा क्षण दर वेळी वेगळा असतो. एखाद्या विशिष्ट दिव्यासोबतच एमसीबी पडत असेल, तर त्या दिव्याचा ड्रायव्हर खराब झाला आहे किंवा तार कुठेतरी दबली आहे, आणि पुढचे सर्व उपाय त्यानंतरचे.

गट पाडणे, आणि त्यातली फसगत

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दिवे वेगवेगळ्या बटणांवर विभागणे. बाराचे चार-चार असे तीन गट केले, तर एका गटाचा झटका १७७ च्या एक-तृतीयांश, म्हणजे ५९ अँपिअर होईल असे वाटते. तसा तो होत नाही. चार रोधक समांतर म्हणजे २.५ ओहम, अधिक तारेचा १ ओहम, म्हणून झटका ९३ अँपिअरच्या आसपास येतो. आधी तारच झटक्याला अडवत होती, तो अडसर आता कमी दिव्यांत वाटला गेला. तरीही ९३ अँपिअर आणि तोही आधीपेक्षा कमी काळ, एवढ्यावर साधारण एमसीबी सहसा पडत नाही.

फसगत पुढे आहे. वीज गेली तेव्हा तिन्ही बटणे चालूच राहिली असतील, तर वीज परतताच तिन्ही गट एकाच क्षणी जागे होतात आणि एमसीबीला पुन्हा तेच १७७ अँपिअर दिसतात. आमच्या घरी बटणे वेगळी करूनही एमसीबी पडतच राहिला तो यामुळे. यावर तीन मार्ग आहेत. पहिला अगदी घरगुती आहे. वीज गेली की बटणे बंद करावीत आणि आल्यावर एकेक चालू करावीत. तो मी आठवडाभर पाळला. दुसरा मार्ग प्रत्येक गटाला डीबीतून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी देण्याचा. घराचे काम सुरू असेल आणि भिंतीत पाइप टाकायचे बाकी असतील, तर हाच निवडावा, कारण तेव्हा खर्च फक्त तारेचा आणि एमसीबीचा असतो. पीओपी होऊन रंग दिलेल्या घरात हे शक्य होत नाही. तिसरा मार्ग ऑन-डिले टायमरचा. तो डीबीतल्या रेलवर बसतो आणि वीज आल्यानंतर ठरवलेल्या वेळाने गट चालू करतो. पहिला गट लगेच, दुसरा अर्ध्या सेकंदाने, तिसरा एका सेकंदाने लागला तरी पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. यालाही गटवार तारा डीबीपर्यंत आलेल्या असाव्या लागतात.

तोंडाशी अडवणे

तारा वेगळ्या नसतील, तर झटका सर्किटच्या तोंडाशीच अडवावा. यासाठी एनटीसी थर्मिस्टर नावाचा रोधक वापरतात. तो थंड असताना त्याचा रोध जास्त असतो आणि प्रवाहाने तापला की रोध घटतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत ‘५डी-९’ किंवा ‘१०डी-९’ असे सांगून तो मागता येतो. पहिला आकडा थंड असतानाच्या ओहमचा, दुसरा मिलिमीटरमधील व्यासाचा. वरच्या उदाहरणात ५ ओहमचा एनटीसी जोडला, तर १७७ चे सुमारे ४८ अँपिअर होतात, १० ओहमचा जोडला तर २८. एवढा फरक इतक्या लहान भागाने पडतो, हे पाहून मला पहिल्यांदा हिशेबाचीच शंका आली होती.

पण एनटीसीला दोन खोडी आहेत. एक म्हणजे चालू असताना तो चटका बसेल इतका तापू शकतो. स्विचबोर्डाच्या प्लास्टिकच्या डब्यात, तारेच्या पीव्हीसी आवरणाला चिकटून तो ठेवणे म्हणजे स्वतःहून आगीला निमंत्रण देणे आहे. तो ड्रायव्हरच्या आत, सर्किट बोर्डावर किंवा वेगळ्या हवेशीर धातूच्या डब्यातच असावा, आणि त्यातून सतत किती प्रवाह नेता येतो व किती मायक्रोफॅरड भरता येतात हे त्याच्या पत्रकात पाहूनच निवडावा. दुसरी खोड अधिक त्रासाची आहे. वीज जाऊन लगेच, एक-दोन सेकंदांत परत आली, तर एनटीसी अजून गरम असतो, म्हणजे त्याचा अडसर उरलेला नसतो, आणि तेवढ्यात दिव्यांनी कपॅसिटर मात्र रिकामे केलेले असतात. संध्याकाळी दिवे नुसते लपकून परत येतात, तेव्हाच एमसीबी पडतो अशी तक्रार ज्यांच्याकडे असेल, त्यांच्या ड्रायव्हरमध्ये आधीपासून एनटीसी आहे असे बहुधा निघेल.

ही अडचण टाळण्यासाठी डीबीत बसणारा इनरश लिमिटर मिळतो. त्यात एक रोधक असतो, जो पहिल्या काही मिलिसेकंदांपुरता प्रवाहाच्या वाटेत राहतो, आणि मग रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, त्याला बाजूला करून प्रवाह सरळ जाऊ देतो. वीज क्षणभर गेली तरी रिले सुटतो आणि रोधक पुन्हा वाटेत येतो. आमच्या घरी शेवटी हाच बसवला, आणि माझ्या मते पूर्ण झालेल्या घरासाठी याहून सुटसुटीत उपाय नाही. तो बसवण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच, मुख्य स्विच बंद करून आणि मल्टिमीटरने तपासून करून घ्यावे. पेचकसासारखा टेस्टर लागला नाही म्हणून तार मेली आहे असे गृहीत धरू नये.

एमसीबी बदलायचाच असेल तर

एमसीबीवर अँपिअरच्या आकड्याआधी बी, सी किंवा डी असे अक्षर छापलेले असते. बी प्रकाराचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला ताबडतोब पडतो, सी ५ ते १० पटीला आणि डी १० ते २० पटीला. म्हणजे ‘बी ६’ हा १८ ते ३० अँपिअरला, तर ‘सी ६’ हा ३० ते ६० अँपिअरला. झटका पाव मिलिसेकंदाचा असेल, तर एमसीबी याहून बराच जास्त प्रवाह सोसतो, म्हणून आमचा ‘सी ६’ १७७ अँपिअरलाही कधी पडे आणि कधी तगे. तुमच्या डीबीत बी असेल, तर त्याच आकड्याचा सी बसवणे हा योग्य बदल आहे, कारण तारेचे जादा भारापासूनचे रक्षण तसेच राहते. तार दीड चौरस मिलिमीटरची असल्याची खात्री करून ६ चा १० करणेही चालते. सीवरून डीवर जाताना मात्र विचार करावा. शॉर्ट सर्किट झाले तर डी प्रकाराला पडण्यासाठी फार मोठा प्रवाह लागतो आणि जुन्या इमारतीतल्या लांबलचक, बारीक तारेतून तेवढा प्रवाह वाहीलच असे नाही. मोठ्या ड्रायव्हरच्या पत्रकावर ‘१६ अँपिअरच्या एमसीबीवर बी प्रकारात इतके नग, सी प्रकारात इतके नग’ असा तक्ता असतो. खरेदीआधी तो वाचावा, कारण झटक्याचा हिशेब तिथे कंपनीनेच करून दिलेला असतो.

बटण आणि रिले

एमसीबी पडला तर निदान कळते. बटण हळूहळू खराब होते, ते कळत नाही. आमच्या दिवाणखान्याचे एक मॉड्यूलर बटण एके दिवशी खाली-वर होऊ लागले, पण दिवे बंद होईनात. उघडून पाहिले तर आतील दोन चांदीसारख्या ठिपक्यांपैकी एकावर मोहरीएवढा खड्डा पडला होता, कडेने काजळी धरली होती आणि दुसरा ठिपका त्याला वितळून चिकटला होता. बटण दाबताना संपर्क टेकून किंचित उसळतो, त्याच वेळी झटक्याचा प्रवाह वाहतो आणि धातूचा सूक्ष्म भाग वितळतो. रोज थोडे असे करत करत शेवटी वेल्डिंग होते. बोर्डातून चरचर असा आवाज येत असेल किंवा बटणाची पट्टी गरम लागत असेल, तर ते वेळीच बदलावे.

मोबाइलवरून चालणाऱ्या स्मार्ट स्विचमध्ये हा त्रास जास्त संभवतो, कारण आतला रिले लहान असतो. खोक्यावर ‘१० अँपिअर’ छापलेले असते ते हीटरसारख्या साध्या भारासाठी. पत्रकात एलईडीसाठी वेगळा आणि कितीतरी लहान आकडा दिलेला असतो, आणि तोच खरा मानावा. लाटेच्या शून्याशी रिले जोडणारे स्विच मिळाले, तर थोडे पैसे जास्त देऊनही तेच घ्यावेत. शिवाय अॅपमध्ये वीज परत आल्यावरची स्थिती ठरवण्याची सोय असते. ती ‘बंद’ अशी निवडली, तर वरचा सगळा प्रश्न फुकटात सुटतो. अट एवढीच, की अंधारात परत येणारी वीज घरातल्या ज्येष्ठांना अडचणीची ठरता कामा नये. जिन्याचा आणि न्हाणीघराचा दिवा यातून वगळावा.

शून्याशी जोडण्याचा नियम एका ठिकाणी उलटतो. बागेतल्या किंवा जुन्या हॅलोजनच्या जागी बसवलेल्या १२ व्होल्टच्या दिव्यांना लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर त्याचा झटका शून्याशी जोडल्यावरच सर्वाधिक असतो. तिथे साधे बटणच बरे.

पट्टी आणि डिमर

छताच्या खोबणीतल्या एलईडी पट्टीला स्वतःचा झटका नसल्यासारखाच असतो. झटका तिच्या एसएमपीएसचा, म्हणजे एसीचा डीसी करून पट्टीला देणाऱ्या डब्याचा असतो, आणि १५०-२०० वॉटच्या एकाच एसएमपीएसच्या पत्रकात थंड अवस्थेतील झटका ५०-६० अँपिअर दिलेला दिसला तर नवल नाही. तिथे एसएमपीएस चालूच ठेवून बटण किंवा कंट्रोलर डीसी बाजूला बसवता येतो. रात्रंदिवस थोडी वीज जाते, पण रोजचे चालू-बंद होणे त्याला भोगावे लागत नाही. डीसी बाजूचे बटण मात्र डीसीसाठीच बनवलेले असावे.

पंख्याच्या रेग्युलेटरच्या जातीचा जुना डिमर एलईडीला लावू नये. तो प्रत्येक अर्ध्या लाटेच्या मध्यातच प्रवाह सोडतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा छोटा झटका देतो. दिवा गुणगुणतो, डिमर तापतो आणि ड्रायव्हरमधला कपॅसिटर लवकर फुगतो. ट्रेलिंग एज प्रकारचा डिमर लाटेची सुरुवात शून्यापासून होऊ देतो आणि शेवट कापतो, म्हणून डिमेबल एलईडीसोबत तोच मागावा. दिवा डिमेबल नसेल तर कोणताच डिमर नको.

इन्व्हर्टरवरचे दिवे

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल, तर त्याचे व्होल्टेज लाटेसारखे चढत नाही, पायरीसारखे उडी घेते, आणि कपॅसिटरला दर उडीला झटका बसतो. इन्व्हर्टरवर दिवे गुणगुणणे किंवा मोजक्याच दिव्यांना ओव्हरलोडचा इशारा येणे हे त्याचे लक्षण असते. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा आणि त्यावर प्रत्येक खोलीतील एक-दोन दिवेच ठेवावेत. गणपतीच्या दिवसांत मखराभोवतीच्या माळा, फोकस आणि पट्ट्या सगळे एकाच एक्स्टेन्शनला जोडून त्याच्या एका बटणावर चालवण्याची जी सवय आहे, ती इन्व्हर्टरच्या सॉकेटवर तर अजिबात नको. त्या एक्स्टेन्शनवर प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असावे आणि आरतीच्या आधी एकेक करून दिवे लावावेत.